बिग पिट आणि वाफेची गाडी एकाच दिवशी? आधी वार बघा

"बुधवारी आईबाबांना घेऊन वेल्समधल्या ब्लेनाव्हनला जातोय. सकाळी बिग पिटची कोळशाची खाण, दुपारी वाफेची गाडी. जमेल ना?" हे तुमचं वाचलं आणि आमचाच बुधवार आठवला. सहलीचं बुकिंग जिथून केलं त्या ऑफिसातल्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "गाडी रोज असते, काळजी नको." पाँटिपूल अँड ब्लेनाव्हन रेल्वेचं वेळापत्रक मी स्वतः उघडूनही बघितलं नाही. खाणीजवळच्या हॉल्टवर, म्हणजे छोट्या थांब्यावर पोचलो तर तिथे चिटपाखरू नाही. गाडी ठरावीक दिवशीच धावते, मुख्यतः शनिवार-रविवारी. पैसे परत मागितले तर त्याच ऑफिसाचं उत्तर: "आम्ही फक्त माहिती दिली होती." माहिती! असो.

तेव्हा गाडी हवीच असेल तर वार बदला. आणि ती धावते त्या दिवशीही इंजिन वाफेचंच आहे की डिझेलचं, ते विचारून घ्या.

माझ्या मते खरं बघायची ती खाणच. 1980 मध्ये ती बंद पडली, 1983 पासून लोकांसाठी उघडली. पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून 90 मीटर खाली नेतात. हेल्मेट, दिवा, कमरेला बॅटरी, सगळं मिळून पाचेक किलोचं ओझं. एका जागी सगळ्यांना दिवे बंद करायला लावतात. डोळ्यांसमोर हात धरला तरी दिसत नाही. 1842 च्या कायद्याआधी दहा वर्षांखालची पोरंसुद्धा भुयारात हवा खेळती ठेवायला बसवलेली दारं उघडायला असल्या काळोखात बसायची, हे तिथे ऐकताना माझी बायको एकदम गप्प झाली. कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचे तबेलेही खालीच आहेत, त्यांच्या नावांच्या पाट्यांसकट.

आईबाबांचं मात्र तुम्हीच ठरवा, मी काही डॉक्टर नाही. छत काही ठिकाणी बुटकं आहे, वाकून चालावं लागतं. माझ्या आईचे गुडघे बघून मी तिला वरच बसवलं, त्याचा पश्चात्ताप नाही.

तिथेच दुसरा घोळ झाला. मिथेन या पेट घेणाऱ्या वायूच्या धोक्यामुळे फोन, बॅटरीचं घड्याळ, लायटर सगळं वर जमा करावं लागतं. आईला "वर आलो की फोन करतो" म्हणून गेलो होतो, आणि वर येऊन फोन परत घेतो तर तिचा पर्समध्ये, सायलेंटवर. पाऊण तास शोधलं. भेटायची जागा खाली उतरायच्या आधीच ठरवा.