एवढ्याशा खोट्याने झोप उडते तेव्हा

राजकारणामुळे अस्वस्थ झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा सुरुवातीला कारण वेगळंच सांगतात. चिडचिड होते, घरात कुणाशी तरी अबोला आहे, कामात लक्ष लागत नाही. मूळ गोष्ट हळूहळू बाहेर येते. ज्या नेत्यावर विश्वास टाकला, तो एका क्षुल्लक बाबतीत खोटं बोलला. पैसे खाल्ले नाहीत, कुणाचं नुकसान केलं नाही. नुसतं खोटं बोलला, तेही गरज नसताना. मग जरा ओशाळून एक प्रश्न येतो: "नेत्याने बारीकसारीक गोष्टींतही खरं बोलावं असं वाटणं, हा माझा भाबडेपणा आहे का?"

नाही, भाबडेपणा नाही. असं मी का म्हणते, ते एका गृहस्थांच्या हकिकतीतून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ हिशेब तपासनीस. तरुणपणी रात्रपाळीत काम करून ते दिवसा शिकले. आयुष्यभर राजकारणापासून लांब राहिले होते. एका सभेत एका उमेदवाराने सांगितलं, "मीही रात्रपाळी करून शिकलोय." त्या वाक्यावर हे त्यांच्या प्रचाराला लागले. संध्याकाळी कामावरून आलं की मोबाइलवरचे प्रचाराचे ग्रुप सांभाळायचे, लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायची.

काही महिन्यांनी त्याच नेत्याची एक जुनी मुलाखत लोकांसमोर आली. तीत ते स्वतःच्या तोंडाने सांगत होते, की शिकताना त्यांना कधी नोकरी करावी लागली नाही, सगळा खर्च वडिलांनी केला. धाकट्या भावाने ती मुलाखत यांना पाठवली. यांनी ती न ऐकताच बनावट ठरवली आणि भावाला चारचौघांत 'विकला गेलेला' म्हणाले. त्यानंतर एका रात्री एकट्याने बसून पूर्ण ऐकली. मुलाखत खरी होती. पुढच्या सभेत नेत्याने रात्रपाळीची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि झोप उडाली ती तिथून.

कोणता पक्ष, कोण नेता, हे मी अशा वेळी विचारत नाही. समुपदेशकाने विचारूही नये असं माझं मत आहे. एकदा नाव कळलं की माझी स्वतःची मतं त्या खोलीत येऊन बसतात.

प्रचारातले सहकारी त्यांना समजावत होते, "भाषणात थोडं रंगवून सांगावंच लागतं, एवढंसं तर आहे." तेही स्वतःला तेच बजावत होते. मी त्यांना विचारलं, तुमच्या त्या वर्षांबद्दल घरात कुणाला किती माहीत आहे? फारसं कुणालाच नव्हतं. कामावर डुलकी लागली म्हणून खाल्लेली बोलणी, एका विषयात नापास होणं, ते वडिलांपासून लपवणं, हे त्यांनी मुलांनाही सांगितलेलं नव्हतं. भर सभेत कुणीतरी मोठा माणूस 'मीही' म्हणाला, तेव्हा त्या वर्षांना पहिल्यांदा मान मिळाल्यासारखं त्यांना वाटलं होतं. ते वाक्य खोटं निघालं तेव्हा तो मानही गेला. राज्यकारभाराच्या दृष्टीने ते खोटं लहान असेल. या माणसाला ते वर्मी लागलं होतं, आणि 'एवढंसं तर आहे' म्हणून त्याची बोळवण करण्याचा हक्क कुणालाच नव्हता.

दुसरी जखम अधिक खोल होती. नेत्याचं खोटं वाचवताना ते स्वतः भावाशी अन्यायाने वागले होते. झोप न येण्यामागे नेत्यापेक्षा भाऊ जास्त होता, हे त्यांच्याच बोलण्यातून पुढे आलं.

भावाकडे वळण्याआधी मात्र त्यांना मूळ प्रश्नाचा निकाल हवा होता. अपेक्षा ठेवायची की सोडायची? हिशेबाचा माणूस, पुरावा मागणारच. म्हणून मी अभ्यासकांनी काय पाहिलं आहे ते त्यांच्यासमोर ठेवलं.

'सगळेच खोटं बोलतात, नेते बोलले तर काय बिघडलं' हे वाक्य त्यांना दररोज ऐकावं लागत होतं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत 1000 प्रौढांना मागच्या 24 तासांत किती वेळा खोटं बोललात असं विचारलं होतं. सुमारे 60 टक्के लोकांनी एकदाही नाही असं सांगितलं. जवळपास निम्मी खोटी विधानं जेमतेम 5 टक्के लोकांकडून आलेली होती. अर्थात हे लोकांनी स्वतःच स्वतःबद्दल सांगितलेलं, तेव्हा आकडे काटेकोर मानू नयेत. पण बहुतेक माणसांचा बहुतेक दिवस खोटं न बोलता जातो, एवढं त्यातून दिसतं. तेव्हा तसा दिवस नेत्यानेही घालवावा, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरा अभ्यास सांगावा की नाही, याचा मी विचार केला होता, कारण तो कडू आहे. 2020 मध्ये स्पेनमधल्या 816 महापौरांच्या एका सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांना नाणं उडवायला सांगितलं होतं. छापा पडला असं कळवणाऱ्याला सर्वेक्षणाच्या निकालाचा खास अहवाल मिळणार होता. नाणं कुणीच पाहत नव्हतं. प्रामाणिकपणे कळवलं असतं तर निम्म्याच्या आसपास छापे यायला हवे होते. आले सुमारे 68 टक्के. कोण एकटा खोटं बोलला हे सांगता येत नाही, पण गटागटाने अंदाज बांधता येतो. त्यात असं दिसलं, की खोटं बोलण्याकडे कल असलेले महापौर पुढच्या निवडणुकीत जास्त प्रमाणात निवडून आले.

हे ऐकून ते चिडले. "म्हणजे खोटं बोलणारेच टिकतात!" मी म्हटलं, याचा अर्थ असाही होतो, की खरं बोलणाऱ्याला आपल्याकडून काही बळ मिळत नाही. मतदार ही अपेक्षा मनात धरतो, घरात त्यावर भांडतो, पण नेत्यापर्यंत ती पोहोचवतच नाही. त्यांनीही तोवर नेत्याला एका शब्दाने विचारलेलं नव्हतं. रागावले होते फक्त भावावर.

लहान खोटं तिथेच थांबतं का, हेही त्यांना जाणून घ्यायचं होतं. 2016 मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आलेल्या एका प्रयोगात असं आढळलं, की स्वतःच्या फायद्यासाठी पुन्हापुन्हा खोटं बोलताना माणसाच्या खोट्याचं प्रमाण वाढत जातं आणि भावनांशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागाचा प्रतिसाद मंदावत जातो. प्रयोगशाळेतला हा निष्कर्ष. एखाद्या नेत्याच्या अख्ख्या कारकिर्दीला तो सरळ लावू नये. पण ब्रिटनचे माजी मंत्री ख्रिस ह्यून यांचं प्रकरण त्यांना पटकन पटलं. 2003 मध्ये गाडी वेगात चालवली, शिक्षा होती थोडे दंडगुण, म्हणजे नियम मोडल्याबद्दल परवान्यावर होणारी नोंद. ते पत्नीच्या नावावर घातले गेले. मग वर्षानुवर्षं नाकारत राहणं आलं, आणि 2013 मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केल्यावर 8 महिन्यांची कैद.

मी त्यांच्यापुढे उलटी बाजूही ठेवली, कारण प्रत्येक चुकीचं विधान म्हणजे खोटं नव्हे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, बॅरी ओफॅरेल यांनी एप्रिल 2014 मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे शपथेवर सांगितलं, की त्यांना महागड्या वाइनची बाटली भेट मिळालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी पुढे आली. आपल्या स्मरणशक्तीने दगा दिला, असं सांगून त्यांनी त्याच दिवशी पद सोडण्याची घोषणा केली. त्यांना खरंच आठवलं नसेल असं मला वाटतं. आठवण चुकते, आश्वासन परिस्थितीमुळे राहून जातं, काही गोष्टी सुरक्षेसाठी सांगता येत नाहीत. याला मी खोटं म्हणत नाही. मी पाहते ते चूक समोर आल्यावर माणूस काय करतो ते. आमच्या गृहस्थांच्या नेत्याला आपलीच मुलाखत समोर असताना गोष्ट दुरुस्त करता आली असती. त्याने ती पुन्हा सांगितली. इथे विसरण्याचा फायदा त्याला देता येत नाही.

यानंतर त्यांनी नेत्याला पत्र लिहिलं. पहिला मसुदा चार पानांचा होता, आरोपांनी भरलेला. आम्ही त्यातून फक्त तेवढंच ठेवलं जे त्यांनी स्वतः पाहिलं-ऐकलं होतं: सभेतलं वाक्य, मुलाखतीतलं वाक्य, आणि 'यातलं खरं कोणतं ते जाहीरपणे सांगावं' ही विनंती. जे घडलं, त्यावरून मी काय समजलो आणि मला काय वाटलं, हे तीन पदर वेगळे करायला शिकणं त्यांच्या फार उपयोगी पडलं. भावाच्या बाबतीतही नेमकं इथेच घसरलं होतं. भावाने एक मुलाखत पाठवली होती. 'तो विकला गेला' हा यांचा तर्क होता.

भावाला फोन करायला मात्र बरेच दिवस लागले. काय बोलायचं याची आम्ही तयारी केली होती. नेत्याचा विषय काढायचाच नाही. चारचौघांत जे बोललो त्याची माफी मागायची, आणि तीही त्याच चारचौघांसमोर. त्यांनी तसं केलं. भाऊ लगेच विरघळला नाही. "बघू," एवढंच म्हणाला. काही दिवसांनी त्याचा स्वतःहून फोन आला.

पत्राला उत्तर आलं. पाठिंब्याबद्दल आभार मानलेले होते, रात्रपाळीबद्दल एक अक्षरही नव्हतं. त्यांनी प्रचाराचे ग्रुप सोडले. सोडताना कारण दोन ओळींत लिहिलं, कुणाला नावं ठेवली नाहीत. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. धोरणं पटत असतील तर त्याच नेत्याला मत देणंही मी चूक मानणार नाही. मत देणं वेगळं आणि त्याच्या खोट्याची वकिली करणं वेगळं, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. हे दोन्ही एकच समजल्यामुळे कितीतरी घरांत विनाकारण भांडणं होतात.

मुलांना त्यांनी आपल्या रात्रपाळीच्या वर्षांबद्दल सांगितलं, नापास झालेल्या विषयासकट. झोप सुधारायला आणखी काही आठवडे गेले. त्या नेत्याचं भाषण कानावर पडलं की अजून राग येतो, असं ते म्हणतात. तो राग घालवण्याचा प्रयत्न मी केला नाही. त्याला कारण आहे, आणि आता तो भावावर निघत नाही.