लेकराची बरगडी उडते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लेकरू सात महिन्यांचं आहे. चार दिवसांपासून सर्दी, छातीत घरघर. आशाताई म्हणतात श्वास मोजा, सासूबाई म्हणतात ओव्याची धुरी दे. कोणाचं ऐकू? (एक आई, दारव्हा तालुका)

उत्तर : आशाताईंचं. घरघर बहुतेक वेळा चोंदलेल्या नाकाची असते. ती ऐकायला भीतीदायक वाटते, पण न्यूमोनिया ओळखायला तिचा उपयोग थोडाच. खरा न्यूमोनिया पुष्कळदा आवाजच करत नाही, श्वासाचा वेग वाढवतो.

लेकरू झोपलेलं किंवा शांत असताना झबलं गळ्यापर्यंत वर सरकवा. उजेड हवा. पोट-छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. एकीने मोजावं, दुसरीने मोबाइलवर पूर्ण एक मिनिट बघावं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. तान्हं बाळ कधी भराभर श्वास घेतं, मध्येच क्षणभर थांबतं, त्यामुळे हिशेब चुकतो. रडताना, दूध पिताना मोजलेला आकडा खोटा.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळात 60 किंवा जास्त (लगेच पुन्हा मोजा, दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर थेट दवाखाना), दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. तुमच्या लेकरासाठी आकडा 50. तेवढा भरला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत खचत असेल, लेकरू अंगावर पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटके आले किंवा उठवूनही उठत नसेल, तर आकड्याची वाट न बघता 108.

ही मोजणी विदर्भाला नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनियाचं औषध द्यायला शिकवलं, तो अभ्यास 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आकडे मोजता न येणाऱ्यांसाठी त्यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ जोडून साधन बनवलं होतं.

धुरी मात्र बंद. ओवा असो की लसणाची सालं, धूर तो धूरच. पऱ्हाटी-तुराटीवर स्वयंपाक चालू असताना बाळाला चुलीजवळच्या खोलीत ठेवू नका. नाकात तेलही नको, ते फुप्फुसात उतरतं. दूध पाजण्याच्या दहा मिनिटं आधी औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे दोन-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत टाका आणि मऊ सुती कापडाच्या वातीने शेंबूड टिपा. दूध थोडं थोडं, पण वरचेवर.

प्रश्न : मुलगी चौदा महिन्यांची, वजन आठ किलो. मोठ्या मुलाचं खोकल्याचं औषध उरलंय, देऊ का? तापाचं किती द्यायचं? (काटोल)

उत्तर : खोकल्याचं औषध देऊ नका. 2025 मध्ये छिंदवाडा भागात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, अनेकांना नागपुरात आणावं लागलं. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालच्यांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत असं कळवलं. एक वर्ष झालंय, तेव्हा कोमट पाण्यात अर्धा चमचा मध चालेल. वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोला 120. गोंधळ होतो तो बाटलीत. ‘5 मिलीत 120’ असेल तर 5 मिली. ‘5 मिलीत 250’ असेल तर 2.4 मिली, ‘1 मिलीत 100’च्या थेंबांत 1.2 मिली. तोच चमचा दुसऱ्या बाटलीला वापरला की डोस दुप्पट होतो. सुईविना सिरिंजने मोजा. दोन डोसांत सहा तास.

प्रश्न : उपकेंद्रात एकाच बाळाचा ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) कधी 84, कधी 96 टक्के दाखवतो. ऑक्सिजन लावायचा की नाही? (परिचारिका, चिमूर)

उत्तर : मोठ्या माणसाचा चिमटा असणार. तान्ह्याला पायाला गुंडाळायचा सेन्सर लागतो. पाय थंड असेल तर आधी चोळून ऊब द्या, मेंदी-आळता नसलेली जागा निवडा. मशीनवरचे ठोके स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांशी जुळेपर्यंत ऑक्सिजनचा आकडा खरा धरू नका. पण बाळ निळसर दिसत असेल किंवा छाती खचत असेल, तर मशीनशी वाद घालत बसायचं नाही.

आकडा 90 च्या खाली गेला की ऑक्सिजनची नळी लावा : दोन महिन्यांच्या आत मिनिटाला अर्धा ते एक लिटर, पुढे एक ते दोन. लिटर बघताना प्रवाहाच्या मीटरमधल्या गोळीचा मध्य वाचा. लावण्याआधी प्राँग्ज (नळीची नाकपुडीत बसणारी दोन टोकं) स्वच्छ पाण्यात बुडवून बुडबुडे बघा, पुसा, वाक खाली ठेवून नाकपुडीत अलगद बसवा. सर्वांत जास्त फसगत शेंबडाने होते. प्राँग भरते, ऑक्सिजन बाहेरच जातो. दर काही तासांनी काढून बघा. एवढं करताना 108 बोलावलेलीच असावी.

प्रश्न : पोट फुगलं म्हणून आजी विळा तापवून डंबा (पोटावर चटका) द्यायला निघते. अडवू कशी? (आशा, धारणी)

उत्तर : भांडू नका, दाखवा. धाप लागलेलं लेकरू पोटाने श्वास ओढतं, म्हणून पोट वर उडताना दिसतं; दुखणं वर, छातीत असतं. आजीचा हात लेकराच्या बरगडीवर ठेवा आणि तिच्याच तोंडून एक मिनिट मोजून घ्या. आकडा वाढलेला निघाला की गाडी बोलवायला तीच सांगेल. चटका आधीच दिला असेल तरी डॉक्टरांपासून लपवू नका, जखमेलाही औषध लागतं.