नाशिकहून आई-बाबांना घेऊन अंदमानला जाताय, तर काय पाहाल?

नोव्हेंबरात आई-बाबांसोबत सहा दिवस अंदमानला जायचंय, नुसते समुद्रकिनारे नकोत, निसर्ग आणि इतिहास दोन्ही हवेत, असं तुम्ही विचारलंय. मी गंगापूर रोडला राहतो. गेल्या वर्षी आईला घेऊन जाऊन आलो, म्हणून सांगतो.

निघण्याआधी एका रविवारी भगूरला जाऊन सावरकरांचा वाडा बघून या. सेल्युलर जेलची गोष्ट आपल्या इथूनच सुरू होते. १९०९ साली बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्याच वर्षी २१ डिसेंबरला आपल्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. १९११ मध्ये तात्याराव, म्हणजे विनायक दामोदर सावरकर, हेही अंदमानात पोचले. दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात, तरी कितीतरी दिवस एकमेकांचं तोंड दिसलं नाही.

ते कसं शक्य होतं, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. मधे मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती, एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. कोठडीच्या गजांतून समोर दिसते ती फक्त पुढच्या इमारतीची पाठ. १८९६ ते १९०६ एवढी वर्षं हे बांधकाम चाललं. आज सातांपैकी तीनच इमारती उरल्यात. वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला तात्यारावांची कोठडी आहे. आई आत गेली आणि हात पसरून भिंतींमधलं अंतर बघत राहिली. मी बाहेरच थांबलो. खाली अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा ठेवलाय, त्याला बैलाच्या जागी माणसं जुंपायचे. जेलला सकाळी जा, घाई करू नका, आणि संध्याकाळी ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाला पुन्हा या.

दुसऱ्या दिवशी रॉस बेट, आता नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरहून (हल्ली श्री विजय पुरम) बोटीने थोडाच वेळ लागतो. इंग्रज साहेबांचं राज्य इथून चालायचं. आता पडक्या भिंतींना झाडांच्या मुळांनी कवळलंय आणि हरणं मोकळी फिरतात. आईला हे बेट सगळ्यात आवडलं.

बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतली बोट सुंदर आहे, पण पहाटे तीन-चारला निघावं लागतं आणि गुहेपर्यंत चालणंही आहे. बाबांचे गुडघे दुखत असतील तर सोडून द्या. गेलातच तर रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे फोटो काढायला आणि काही खायला द्यायला बंदी आहे. गाडीतलं कोणी बिस्किटं काढायला लागलं तर स्पष्ट अडवा. ती माणसं त्यांच्या घरात आहेत, प्रेक्षणीय स्थळ नव्हेत.

उरलेले दिवस हॅवलॉक (स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप) यांना द्या. नीलवरची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच बघायची. तेव्हा खडकांमधल्या डबक्यांत प्रवाळ आणि बारीकसारीक समुद्रजीव दिसतात. वेळ हॉटेलात विचारून ठेवा आणि आई-बाबांच्या पायांत चांगली पकड असलेल्या चपला असू द्या, शेवाळावर पाय सटकतो. हॅवलॉकला राधानगरचा किनारा संध्याकाळसाठी ठेवा. फक्त आपल्या नाशिकच्या सवयीने सहाला पोचू नका. नोव्हेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, चारलाच वाळूत जाऊन बसा.