वाचकांचे प्रश्न: आकाशवाणीतल्या सहकाऱ्यांची आठवण कशी जपावी?

आम्ही आठ-दहा निवृत्त मंडळी पणजी आकाशवाणीतल्या दिवंगत सहकाऱ्यांवर स्मरणपुस्तिका काढतोय. लेख मागवले, पण सगळ्यांनी ‘मनमिळाऊ, हसतमुख, हरहुन्नरी’ एवढंच लिहून पाठवलं. काय करावं? (फोंडा)

लेख मागवू नका, प्रश्न पाठवा. ‘चार शब्द लिहा’ म्हटलं की विशेषणंच येतात, आणि ती कुणालाही चिकटवता येतात. त्याऐवजी एकेका माणसाबद्दल पाच-सहा नेमक्या गोष्टी विचारा. पहाटेच्या प्रसारणसभेसाठी ते केंद्राच्या अल्तिनो टेकडीचा चढ कशाने चढायचे? संकेतधून लावण्याआधी कोणती टेप हाताशी काढून ठेवायचे? पोर्तुगीज वळणाच्या नावाचा उच्चार अडला, तर कुणाला विचारायचे? टेप मध्येच तुटली, तर ती पोकळी कशाने भरायचे? क्यू शीटवरचं, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमाच्या कागदावरचं, त्यांचं अक्षर कसं होतं? अशा उत्तरांतून माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

लेख मागवण्याआधी नावांची यादी करा. उद्घोषक सगळ्यांनाच आठवतात. ट्रान्समीटरवर रात्रपाळी करणारा तंत्रज्ञ, टेप लायब्ररी सांभाळणाऱ्या बाई, ड्यूटी ऑफिसर, साथीचे वादक, वृत्तविभागातले टंकलेखक, पहाटे सगळ्यांना घरून उचलणारे चालक मात्र राहून जातात. नैमित्तिक उद्घोषकांकडे विशेष लक्ष द्या. त्यांची सेवापुस्तिका नसते. कराराची पत्रं आणि मानधनाच्या पावत्या एवढाच त्यांच्या कामाचा कागदोपत्री पुरावा, आणि तो बहुधा घरच्या ट्रंकेत असतो. प्रत्येकाचं कार्यालयातलं नाव आणि हवेवरचं नाव वेगवेगळं नोंदवा. बालकार्यक्रमातली ‘ताई’ किंवा ‘मामा’ पगारपत्रकात सापडत नाही, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या निवेदिका दोनदा मोजल्या जातात. मुंबई, पुणे, रत्नागिरी, धारवाड अशा बदल्या झाल्या असतील, तर वर्षांसह लिहा.

प्रास्ताविकात इतिहास देताना एक गल्लत टाळा. पोर्तुगीज सरकारचं ‘एमिसोरा दे गोवा’ हे केंद्र १९४६पासूनचं. मुक्तिसंग्रामातलं भूमिगत केंद्र ते नव्हे. भूमिगत केंद्र २५ नोव्हेंबर १९५५ला सुरू झालं आणि वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी ते सीमेपलीकडच्या जंगलातून १९६१पर्यंत चालवलं. बांबोळीच्या सरकारी केंद्रावर भारतीय हवाई दलाने १८ डिसेंबर १९६१ रोजी बॉम्ब टाकले. आकाशवाणीचं पर्व त्यानंतरचं. तारखा ताडायला पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांच्या फायली पाहा.

वडील उद्घोषक होते. त्यांच्या कपाटात ७ इंची १४ स्पूल टेपा मिळाल्या, काहींवर पांढरी बुरशी आहे. ओळखीच्यांकडे जुना स्पूल प्लेअर आहे. लावून बघू का? (म्हापसा)

आत्ता लावू नका. बुरशी लागलेली एक टेप प्लेअरवर फिरली की ती बुरशी टेपेवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर, रोलरवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपेवर जाते. गोव्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातली हवा महिनोन्‌महिने ओली राहते, म्हणून आधी वेगळं करणं महत्त्वाचं. बुरशीच्या टेपा एका हवाबंद डब्यात, स्वच्छ टेपा दुसऱ्यात. दोन्हींत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की त्या बदला. बुरशी पुरती सुकल्यावर, कोरड्या दिवशी, घराबाहेर, मास्क आणि हातमोजे घालून मऊ ब्रशने हलके झटका. ओलं फडकं, स्पिरिट, डेटॉल काही लावू नका.

मग टेप कसली आहे ते ओळखा. स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, अपारदर्शक दिसली तर बहुधा पॉलिएस्टर. ॲसिटेट वयाने ठिसूळ होते, ताण पडला की कट्‌कन तुटते. आंबूस व्हिनेगरसारखा वास आला तर ती सडायला लागली आहे. अशी टेप बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि सर्वांत आधी तिची प्रत करून घ्या. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणली जाते, आणि ताणलेला भाग पुन्हा सरळ होत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर टेपांचा चिकटद्रव हवेतला ओलावा शोषतो. अशी टेप वाजवताना किंचाळते, अडखळते आणि हेडवर तपकिरी चिकट थर सोडते. तो दिसताच थांबा. प्रयोगशाळेत ती सुमारे ५० अंश सेल्सिअसवर, नियंत्रित उष्णतेत काही तास ‘भाजून’ तात्पुरती वाजवण्याजोगी करतात. घरच्या ओव्हनमध्ये हे करायचं नाही, आणि ॲसिटेटवर तर मुळीच नाही.

सुस्थितीतली टेप वाजवताना वेग पाहा. नभोवाणीच्या टेपा बहुधा सेकंदाला साडेसात इंच किंवा १५ इंच वेगाने ध्वनिमुद्रित होत. ७ इंची स्पूलवर १,२०० फूट टेप असेल, तर साडेसातच्या वेगाने ती ३२ मिनिटं चालते. गाणं घाईत किंवा रेंगाळत वाटलं तर वेग चुकलाय. पार्श्वभूमीला उलटं बोलणं ऐकू आलं, तर दुसऱ्या दिशेने केलेलं मुद्रणही हेड उचलतंय. डावी-उजवी वाहिनी वेगवेगळी मुद्रित करून ठेवा, नंतर निवडता येते. जुने जोड सुकून सुटतात. तिथे साधी सेलोटेप कधीच लावू नका, तिचा गोंद पसरून शेजारचे वेढे चिकटतात. खास स्प्लायसिंग टेप घेऊन तिरका, ४५ अंशांचा जोड द्या.

मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, किमान ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर घ्या. एका वाहिनीचा एक तास साधारण ५२० मेगाबाइट होतो. एमपी थ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा. आणि मूळ खोकं फेकू नका. त्यावर पेन्सिलीने लिहिलेला टेप क्रमांक, प्रसारणाची तारीख, कालावधी हीच खरी ओळख. आधी त्याचा फोटो काढा.

ऐंशी पार केलेल्या सहकाऱ्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचंय. आवाज घुमतो. (मडगाव)

मोठा हॉल सोडा. कपड्यांचं कपाट, गादी, जाड पडदे असलेली झोपायची खोली निवडा. पंखा आणि जवळचा फ्रिज बंद, फोन फ्लाइट मोडवर. फोन तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात रेकॉर्डिंग करूच नका. तो आवाज नंतर काढता येत नाही. सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण बोला. पाऊण तास पुष्कळ, पुढचं दुसऱ्या दिवशी. आणि ‘शुद्ध मराठीत बोला’ असं कृपया सांगू नका. वाक्य मराठीत सुरू होऊन कोंकणीत संपत असेल, तर तसंच उतरवा. जुना मुद्रित आवाज ऐकवून मग प्रश्न विचारले, तर आठवणी फार भरभरून येतात.

ग्रुप फोटोत नावंच नाहीत. (डिचोली)

६०० डीपीआयवर स्कॅन करा, छापील प्रतीवर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या आणि दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की पहिला जे म्हणतो त्यालाच बाकीचे होकार देतात. मूळ फोटोच्या मागे बॉलपेन नको. ठसा पुढे उमटतो. कडेला मऊ पेन्सिल चालते.

डिजिटल केलेले कार्यक्रम यूट्यूबवर टाकू का? (पणजी)

परवानगीशिवाय नको. टेप घरात आहे म्हणून हक्क घरात येत नाही. ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट ६० वर्षं, कलाकाराचा हक्क ५० वर्षं आणि प्रसारणावरचा हक्क २५ वर्षं चालतो. शिवाय लेखकाचा, संगीतकाराचा हक्क वेगळा. केंद्राला लेखी पत्र द्या, त्यात टेपांची यादी जोडा आणि त्यांच्या संग्रहासाठी एक प्रत देऊ करा. त्यांच्याकडे ती टेप उरली नसण्याचीही शक्यता असते. तुम्ही स्वतः घेतलेल्या मुलाखती मात्र बोलणाऱ्याच्या लेखी संमतीने खुशाल टाका. संमतीचा कागद रेकॉर्डिंगच्या दिवशीच सही करून घ्या.