भिंतीवरचा बोर्ड राहू द्या, लाल बिन दाखवा

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

यावेळी पत्रांचा गठ्ठा बघितला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची, कंपनीचं कल्चर. वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर, नांदेड, सगळीकडून. त्यातली काही निवडलीत, नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : वाळूजला माझं मशीन शॉप आहे, साठेक माणसं, मोठ्या कंपनीला पार्ट पुरवतो. मागच्या वर्षी पुण्याहून ट्रेनर बोलावला, गुणवत्ता, प्रामाणिकपणा, टीमवर्क असे बोर्ड लावले. तरी सेकंड शिफ्टचा खराब माल लपवूनच पुढं जातोय आणि मला कळतं ते कस्टमरच्या फोनवरनं. नेमकं काय करू? (एक उद्योजक, वाळूज)

भाऊ, बोर्डाचं आधी मिटवून टाकू. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीची चार मूल्यं होती, आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. डिसेंबर 2001 मध्ये ती कंपनी हिशेबाच्या घोटाळ्यापायी दिवाळखोरीत गेली. तेव्हा तुमचा बोर्ड राहू द्या तिथंच, त्याचा त्रास नाही, पण त्याच्याकडून कामाची अपेक्षाही ठेवू नका.

आता रात्री साडेनऊची वेळ धरा. ऑपरेटरनं माप तपासायचं गेज लावलं, बोअर (पार्टमधलं भोक) मोठा लागला, कापायचं टूल घासलंय हे त्याला तिथंच कळलं. मशीन थांबवून सुपरवायझरला हाक मारली तर पहिलं वाक्य काय येतं, "झोपला होतास का?" मग शिफ्टचा आकडा कमी भरतो, सकाळी सगळ्यांसमोर उद्धार होतो, आणि लई ठिकाणी पगारातनं कापतात ते वेगळंच. (समोरच्याचं म्हणणं न ऐकता नुकसानीपोटी पगार कापणं कायद्यात बसत नाही, पण ते विचारतंय कोण.) त्याऐवजी तोच पार्ट ट्रेमध्ये खालच्या थरात सारला तर रात्र निवांत जाते, सापडलं तर सापडलं, आणि सापडलं तरी कोणत्या शिफ्टचा हे कोण सांगणार. बायको-लेकरं असलेला माणूस काय करील सांगा. तो बेइमान नाहीये, तुमच्या शॉपनं त्याला जे शिकवलं तेच तो करायलाय.

यावर एक किस्सा सांगण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला जनरल मोटर्सचा कारखाना होता, कामगार आणि मॅनेजमेंट यांची कायम जुंपलेली, दर पाचातला एक कामगार गैरहजर अशी तिथली अवस्था. 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटासोबत भागीदारी करून न्यूमी या नावानं तोच परत उघडला, आणि मजा अशी की बहुतेक कामगार जुनेच घेतले, युनियन पण तीच. टोयोटानं त्यांच्यातल्या काही शे लोकांना जपानला ताकाओकाच्या प्लांटमध्ये नेलं, शिकवलं, आणि लाईनवर दोरी दिली. काही चुकतंय असं दिसलं की कुणीही दोरी ओढायची, टीम लीडर धावत यायचा आणि पहिलं विचारायचा की काय मदत करू. गाडी त्या जागेवरनं पुढं सरकायच्या आत प्रश्न सुटला नाही तर लाईन थांबायची. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा जपानच्या बरोबरीला गेला. माणसं तीच होती की.

पण किस्सा इथं संपत नाही. जनरल मोटर्सनं हीच पद्धत आपल्या व्हॅन नाईसच्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला, तिथं मात्र जमलं नाही. दोरी टांगता येते, पण लाईन थांबली तर चालेल हे वरच्या साहेबांना पचत नव्हतं, त्यांचं सगळं गणित आज किती गाड्या बाहेर पडल्या यावर. 1992 मध्ये तो कारखाना बंद झाला.

म्हणून तुमच्याकडं बदल ऑपरेटरपासून नाही, सुपरवायझरच्या त्या पहिल्या वाक्यापासून करायचा, आणि त्याच्याही आधी तुमच्या. रिजेक्शनचं, म्हणजे खराब माल टाकायचं, लाल बिन कोपऱ्यात नळाच्या मागं ठेवलेलं असेल तर ते काढून मधोमध ठेवा. पगारातली कापणी बंद म्हणून सांगा, आणि पुढच्या पगाराला खरंच बंद झालेली दिसू द्या, कारण माणसं तुमच्या तोंडावर नाही पगाराच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतात. स्वतः आठवड्यातनं एक-दोनदा रात्री शॉपवर जा, केबिनमध्ये नाही. आणि ज्या दिवशी पहिला ऑपरेटर येऊन म्हणेल की शेठ, इतके पार्ट खराब झालेत, त्या दिवशी तुमच्या कपाळावर आठी पडली तर सगळं मुसळ केरात. अख्खं शॉप त्या वेळी तुमच्या तोंडाकडं बघत असतंय. त्याला विचारा टूल कधी बदललं होतं, पुढचं टूल स्टोअरमध्ये आहे का, नसेल तर का नाही. बास.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मला शिव्या द्याल. रिजेक्शनचा आकडा वाढणार. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापक, त्यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम तपासल्या, औषधं देताना चुका कुठं जास्त होतात म्हणून. तर निघालं उलटंच, जिथं टीम चांगली तिथं चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर कळलं की तिथल्या नर्सेस चूक बोलून दाखवतात, बाकीच्या वॉर्डात दाबतात. तेव्हा तुमचा आकडा चढला की घाबरून जुन्या वळणावर येऊ नका. कस्टमरकडून परत येणारा माल कमी झाला का, ते बघा.

प्रश्न : मी जालन्यात बियाण्याच्या कंपनीत एचआरला आहे. आमचा एक एरिया मॅनेजर दरवर्षी टार्गेट फोडतो, पण हाताखालच्या पोरांना आई-बहिणीवरनं शिव्या देतो आणि ऑफिसातल्या मुलींशी बोलतानाही त्याची जीभ सुटते. वर सांगितलं तर साहेब म्हणतात "धंदा आणतोय, सांभाळून घ्या." (एक वाचक, जालना)

ताई, सांभाळून कोण घेतंय ते बघा, साहेब नाही, ती पोरं आणि मुली घेतायत.

पहिलं काम कायद्याचं. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, आणि अध्यक्ष महिलाच हवी. तुमच्याकडं ती कागदावर असेल तर मुलींना तिच्यातली नावं माहीत आहेत का एवढं तपासा. हा भाग साहेबांच्या मर्जीवर अवलंबून नाही.

दुसरं, त्याचं टार्गेट नेमकं कसं फुटतंय ते काढा. तुमच्या धंद्यात मृगाच्या आधी कृषी सेवा केंद्रांच्या गळ्यात माल मारायचा, एप्रिल-मेचा आकडा फुगवायचा आणि हंगाम सरला की तोच माल परत, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. त्याच्या एरियातलं सेल्स रिटर्न आणि थकलेली उधारी वजा करा, शिवाय त्याच्या हाताखालनं किती पोरं सोडून गेली तेही शेजारी मांडा, आणि तो एकच कागद साहेबांसमोर ठेवा. साहेबांना भावना कळत नसतील, उधारी कळते.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं उदाहरण सोबत द्या हवं तर. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात जास्तीत जास्त खाती मारायची असा दट्ट्या होता, तर कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता लाखोंनी खाती उघडली. 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड बसला, तोपर्यंत 5,300 च्या आसपास लोक कामावरनं काढलेले, आणि त्याच वर्षी सीईओलाही खुर्ची सोडावी लागली. कागदावर त्या बँकेचंही नीतीचं धोरण होतंच. पण शाबासकी कुणाला मिळते हे खालची माणसं बरोबर बघत असतात, तुमच्याकडची नवीन पोरं पण बघायलीत की मोठं व्हायचं असेल तर कुणासारखं बोलायचं.

प्रश्न : लातूरला आमची डाळ मिल आहे. दोन वर्षांपासून कारभार मी बघतोय, वडील आता फक्त संध्याकाळी येऊन बसतात. मी बायोमेट्रिक हजेरी लावली, उचल बंद केली, सगळं सिस्टीममध्ये आणलं. पण जुनी माणसं तोंड फिरवून बसलीत, दोन चांगले मिस्त्री शेजारच्या मिलमध्ये गेले. (एक तरुण मिलमालक, लातूर)

हजेरीच्या मशीनवर कुणी रुसत नाही हो. उचलीवर रुसलेत.

एडगर शाईन नावाचे एमआयटीचे प्राध्यापक होते, कंपनीचं कल्चर या विषयातलं मोठं नाव. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की धंदा उभा करणाऱ्याच्या समजुती हळूहळू सगळ्यांच्या होऊन जातात, इतक्या की त्यावर कुणी बोलतही नाही, त्या गृहीतच असतात. तुमच्या वडिलांनी बोर्ड लावला नसणार, पण पोरीचं लग्न निघालं की मुनीमजी न विचारता रक्कम काढून द्यायचे, सोयाबीन काढणीला गडी चार दिवस गावाकडं गेला तर त्याची जागा धरून ठेवायचे, महालक्ष्म्यांना बायकांना सुट्टी मागावी लागायची नाही. त्याच्या बदल्यात तुरीचा सीझन पेटला की हीच माणसं रात्र रात्र मिलवर थांबायची. हा एक करार होता, लिहिलेला नव्हता एवढंच. तुम्ही त्यातली तुमची बाजू बंद केली आणि त्यांची बाजू चालू राहील असं धरून चाललात.

वडिलांसारखंच करा असं म्हणत नाहीये मी. तोंडी उचलीत पुढंपुढं करणाऱ्याला जास्त मिळायचं आणि गरीब बिचारा हमाल तसाच राहायचा, हेही खरं असणार. मग ती लिहून काढा ना. किती मिळेल, कशासाठी, किती हप्त्यांत फिटेल, आणि हे सगळ्यांना सारखं. टाटा स्टीलनं आठ तासांची पाळी 1912 मध्ये सुरू केली, आपल्याकडं कायदा तिथवर यायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. मालकाची चांगली सवय नियम झाली की मालक बदलला तरी टिकते. आणि नियम करताना मुनीमजींना शेजारी बसवा, आतल्या सगळ्या गोष्टी त्यांनाच माहीत आहेत.

गेलेल्या मिस्त्र्यांच्या घरी एकदा जाऊन या. कामावर या म्हणू नका, का गेलात ते विचारा आणि चहा घेऊन परत या.

प्रश्न : टीम बिल्डिंगसाठी स्टाफला म्हैसमाळला न्यावं का रिसॉर्टला? (छत्रपती संभाजीनगर)

पगार सात तारखेच्या आत होतोय ना? होत असेल तर कुठंही न्या, पावसाळ्यात म्हैसमाळ झकास. होत नसेल तर बसचे पैसे आधी तिकडं वळवा. आणि सुट्टीच्या रविवारी नेऊ नका राव.

प्रश्न : मी नांदेडला एका कारखान्यात साधा शिफ्ट सुपरवायझर आहे. मालक काही बदलणार नाही. माझ्या हातात काय आहे? (एक वाचक, नांदेड)

मित्रा, तुझ्या हाताखालच्या दहा-बारा लोकांसाठी कंपनी म्हणजे तूच आहेस, त्यांनी मालक खंडेनवमीला हार घालताना बघितला असेल तेवढाच. वरून शिवी आली तर ती जशीच्या तशी खाली पोचवायची का नाही, ओव्हरटाईम दरवेळी त्याच दोघांना द्यायचा का आळीपाळीनं, हेल्परनं सुचवलेलं साहेबांना सांगताना त्याचं नाव घ्यायचं का आपलं, हे सगळं तूच ठरवतोस.

सुरुवात चार्ज देण्याच्या रजिस्टरपासून कर. त्यात बहुतेक ठिकाणी "सर्व ठीक" एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढच्या शिफ्टला गेल्या गेल्या गळणारी सील सापडते. तू आपल्या हातानं आज काय बिघडलं, काय राहिलं, कुणाला सांगितलं ते खरं लिही आणि खाली सही कर. पुढच्या शिफ्टचा सुपरवायझर आधी हसेल. असल्या सीलपायी होणारा त्याचा खोळंबा चार वेळा टळला की तोही लिहायला लागेल.