आधी पस्तिसावी आकृती उघडा, मग पुस्तक घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हिडिओ बघून तीन नाणी टाकून आय चिंग या प्राचीन चिनी ग्रंथाचा कौल घ्यायला शिकलात, आता नीट अभ्यास करायचाय, चिनी येत नाही, ऑनलाइन दुकानात शेकडो पुस्तकं दिसतात, त्यातली कोणती घ्यावीत? आणि नाणी चिनीच लागतात का?

नाण्यांचं शेवटी सांगतो. (जाता जाता, उच्चार ‘आय’ नाही, ‘ई’. हल्लीच्या लेखनपद्धतीप्रमाणे ‘यी जिंग’. दुकानात मात्र ‘आय चिंग’च म्हणा, नाहीतर कुणाला कळायचं नाही.)

माझं पहिलं पुस्तक मी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलं होतं. खिशात मावेल एवढं, चकचकीत. प्रत्येक आकृतीपुढे नोकरी, प्रेम, पैसा, आरोग्य असे चार रकाने. दोन-तीन महिने मी ते मनापासून वापरलं. मग एकदा खऱ्या भाषांतराशी ताडून पाहिलं, तेव्हा कळलं की माझ्या पुस्तकात मूळ ग्रंथातलं एक वाक्यसुद्धा नव्हतं. पेपरातल्या राशिभविष्यात आणि त्याच्यात फरक एवढाच की इथे आपली रास आपणच नाणी उडवून ठरवायची. असे रकाने दिसले की पुस्तक खाली ठेवा, मग मुखपृष्ठावर कितीही मोठा ड्रॅगन असो.

बरी पुस्तकंही एकमेकांशी जुळत नाहीत, आणि नवशिक्याचा गोंधळ तिथेच होतो. ई चिंग एका बैठकीत लिहिलेला ग्रंथ नाही. तळाशी आहे ‘झोउ यी’: चौसष्ट आकृत्या, प्रत्येकीत अखंड किंवा तुटक अशा सहा रेघा, प्रत्येक आकृतीला एक छोटंसं कथन आणि प्रत्येक रेघेला एखाददुसरी ओळ. हा भाग पश्चिम झोउ राजवटीतला, अंदाजे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. त्यावर कित्येक शतकांनंतर ‘दहा पंख’ नावाची परिशिष्टं चढली. परंपरा ती कन्फ्यूशियसच्या नावावर घालते, आजचे अभ्यासक तसं मानत नाहीत. इ.स.पू. 136 मध्ये हान राजवटीच्या दरबाराने या सगळ्याला अभ्यासग्रंथाचा दर्जा दिला, आणि पुढे दोन हजार वर्षं भाष्यांवर भाष्यं होत राहिली. आपल्याकडे गीता एकच, पण शांकरभाष्य, ज्ञानेश्वरी आणि गीतारहस्य वाचणाऱ्यांच्या हाती तीन वेगळ्या गोष्टी लागतात, तसंच. म्हणून ‘चांगलं भाषांतर कोणतं’ याच्याआधी ‘हे भाषांतर कोणत्या थराचं’ हे विचारायचं.

त्यासाठी माझी एक साधी चाचणी आहे. कुठलंही पुस्तक हाती आलं की पस्तिसावी आकृती उघडायची. नाव जिन, म्हणजे पुढे सरकणं, प्रगती. तिच्या पहिल्या वाक्यात ‘कांग होउ’ असे दोन शब्द आहेत, पुढे घोडे आहेत, आणि ‘दिवसात तीनदा’ असं काहीतरी आहे. ‘होउ’ म्हणजे सरदार, मांडलिक. ‘कांग’चा शब्दशः अर्थ शांती, स्वास्थ्य. इंग्रजी भाषांतरकार जेम्स लेग यांनी 1882 मध्ये अर्थ लावला तो असा: प्रजेला शांतता देणारा एक राजपुरुष, त्याला राजाकडून पुष्कळ घोडे मिळतात आणि दिवसातून तीनदा राजाची भेट मिळते. जर्मन भाषांतरकार रिचर्ड विल्हेल्म यांच्याकडे तोच ‘सामर्थ्यवान राजपुरुष’ होतो. दोघांकडेही तो कुणीही सज्जन, कर्तबगार माणूस. पण 1929 मध्ये गु जिएगांग या चिनी इतिहासकाराने दाखवून दिलं की कांग होउ हा खराखुरा माणूस होता, झोउ राजा वू याचा भाऊ, कांगचा सरदार. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक कांस्यपात्र आहे, त्यावरच्या कोरीव लेखात याच कांग होउचं नाव आहे. आणि काही आधुनिक अभ्यासक ते ‘दिवसात तीनदा’ राजाच्या भेटीला लावतच नाहीत. भेट मिळालेल्या घोड्यांपासून पैदास केली, दिवसात तीनदा घोडीला घोडा दाखवला, असं ते वाचतात. दरबारातून थेट तबेल्यात!

यातलं बरोबर कोण, हा मुद्दा नाही. पुस्तक या ओळीचं काय करतं ते बघायचं. कांगला शांती मानलं तर ते भाष्यपरंपरेचं पुस्तक. सरदाराचं नाव मानलं तर कांस्ययुगातल्या मूळ संहितेचं. ओळच गायब असेल आणि ‘बढतीचा योग’ लिहिलं असेल, तर ते माझ्या फुटपाथवाल्या पुस्तकाचं भावंड.

विल्हेल्म घ्याच. जर्मन आवृत्ती 1924 ची, कॅरी बेन्स यांनी केलेलं इंग्रजी रूपांतर 1950 चं. विल्हेल्म मिशनरी म्हणून चिंगदावला गेले आणि तिथे लाओ नाइश्वान या जुन्या वळणाच्या पंडिताकडे बसून हा ग्रंथ शिकले. पंडितजी समजावणार, विल्हेल्म जर्मनमध्ये उतरवणार, मग मूळ न बघता ते जर्मन पुन्हा चिनीत आणायचं आणि गुरूंनी तपासायचं. एवढी मेहनत क्वचितच कुणी केली असेल. पण हे ध्यानात ठेवा की तुम्हाला मिळतं ते त्या गुरूचं ई चिंग, म्हणजे सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेल्या कन्फ्यूशियन वळणाचं. आणखी एक: पुस्तक सातशेहून जास्त पानांचं आणि तीन खंडांत आहे, त्यात चौसष्ट आकृत्या दोनदा येतात, पहिल्या खंडात आणि तिसऱ्यात. मला वाटलं होतं बांधणीत चूक झाली आहे. पहिलं वर्ष फक्त पहिला खंड वाचा, तिसऱ्यातल्या भाष्याकडे नंतर वळा.

या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांची. त्यांनी या इंग्रजी आवृत्तीबद्दल खुद्द ग्रंथालाच कौल लावला. आली पन्नासावी आकृती, डिंग, म्हणजे कांस्याचं तीन पायांचं पात्र. दुसरी आणि तिसरी रेघ बदलती होती (म्हणजे अखंडची तुटक किंवा तुटकची अखंड होणारी), त्या पालटल्या की तयार होते पस्तिसावी, आपली कांग होउवाली! युंगना कांग होउ ‘सामर्थ्यवान राजपुरुषा’च्याच रूपात दिसला. त्यांच्या समोर घोड्यांच्या पैदाशीचा अर्थ असता तर प्रस्तावनेचं काय झालं असतं, हा विचार करून मला अजून हसू येतं.

विल्हेल्मच्या शेजारी ठेवायला त्याच्याशी भांडणारं पुस्तक हवं. ते म्हणजे रिचर्ड रट यांचं ‘झोउ यी’, 1996. रट अँग्लिकन बिशप, कोरियात बरीच वर्षं काढलेले. (या ग्रंथाच्या नशिबी पाद्री फार. लेगसुद्धा मिशनरीच.) त्यांनी जुना थर दहा पंखांपासून वेगळा काढून वाचला. पहिल्याच आकृतीच्या कथनात चार शब्द आहेत: युआन, हंग, ली, झन. विल्हेल्मकडे शेवटचा शब्द चिकाटी, सचोटीने टिकून राहणं असा येतो. पण झोउंच्या आधीच्या शांग राजवटीत कौलासाठी वापरलेल्या हाडांवरच्या लेखांत ‘झन’ म्हणजे सरळ सरळ कौल लावणं. ‘चिकाटी धरलीस तर लाभ’ आणि ‘कौल लावायला अनुकूल’, दोन्ही त्याच अक्षरातून. पहिला अर्थ तुम्हाला उपदेश करतो, दुसरा करत नाही. मला दोन्ही लागतात. पण रट एकटं घेऊ नका. बळी, कैदी, युद्धं, गुरंढोरं एवढंच हाती लागेल आणि चिनी लोक दोन हजार वर्षं यात काय शोधत होते ते कळणार नाही.

भाष्यात खोल शिरायचं असेल तर वांग बी यांचं भाष्य, रिचर्ड जॉन लिन यांच्या 1994 च्या भाषांतरात. वांग बी इ.स. 249 मध्ये गेले तेव्हा जेमतेम तेविशीत होते, आपल्याला ज्ञानेश्वर आठवावेत असं वय. लिन टीपांमध्ये सोंग काळातले भाष्यकार चेंग यी आणि झू शी कुठे वेगळं म्हणतात तेही देतात. झू शी आग्रहाने सांगायचे की हा ग्रंथ मुळात कौलासाठीच रचला होता. त्यांचं भाष्य जोसेफ अ‍ॅडलर यांनी 2020 मध्ये इंग्रजीत आणलं. ही दोन्ही दुसऱ्या वर्षाची पुस्तकं, आत्ता नकोत.

खिसा हलका असेल तर लेग फुकट आहेत, हक्क केव्हाच संपलेत. ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ या संकेतस्थळावर चिनी मूळ आणि लेग यांचं इंग्रजी एकत्र मिळतं. छापील हवं असेल तर मॅक्स म्युलर यांच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेचा सोळावा खंड शोधा. दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी ही माला पुन्हा छापली आहे, जुन्या ग्रंथालयांतही सापडते. लेग यांची भाषा रुक्ष आणि कौलावर त्यांचा काडीचा विश्वास नाही, पण मूळ कथन एकीकडे आणि पंख परिशिष्टात, अशी स्वच्छ विभागणी त्यांनी तेव्हाच केली होती.

सगळ्यात आधी मात्र रिचर्ड स्मिथ यांचं ‘द आय चिंग: अ बायोग्राफी’, 2012. छोटं पुस्तक आहे, आठवड्यात होतं. ते वाचून झाल्यावर कदाचित वरच्यापैकी काही घ्यावंसं वाटणारही नाही, आणि तेही चालेल.

चिनी येत नसल्याचं फार मनावर घेऊ नका. पुन्हा पुन्हा येणारे पाच-सहा शब्द ओळखीचे करा: जी म्हणजे शुभ, श्योंग अशुभ, लिन अडचण, हुइ पश्चात्ताप, वू ज्यू म्हणजे दोष नाही. निम्मे निकाल याच शब्दांत असतात आणि इंग्रजी भाषांतरकार ते आपल्या मर्जीने रंगवतात.

आता नाणी. चिनी नकोत, रुपयाची चालतात. नाण्यांची पद्धत उशिराची, मूळ पद्धत पन्नास काड्यांची, त्यातली एक बाजूला ठेवून एकोणपन्नास वापरायच्या. मी त्या खराट्याचे हीर कापून केल्या होत्या. एका आकृतीला अठरा वेळा वाटणी करावी लागते, हात बसायला वेळ लागतो. दोन्हींतला फरक नुसता वेळेचा नाही. नाण्यांनी बदलती तुटक आणि बदलती अखंड रेघ येण्याची शक्यता सारखीच, आठात एक. काड्यांनी तुटक सोळात एक, अखंड सोळात तीन. नाण्यांना एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन गुण द्यायचे. विल्हेल्म सांगतात, अक्षरं असलेली बाजू दोनाची. आता आपल्या रुपयावर दोन्हीकडे अक्षरं! मी काटा दोनाचा आणि सिंहाचा छापा तीनाचा धरतो.