बर्फातली माणसं रंगवताना

तुम्ही बर्फातल्या माणसांचं चित्र दाखवलंत. पहिल्याच चित्रात तीन माणसं, घर आणि घोडागाडी? हिंमत आवडली! पण पुढच्या वेळी एकच माणूस घ्या, तोही पाठमोरा. चेहऱ्याची कटकटच नको.

सुरुवातीला बहुतेकांचं चुकतं ते बर्फात. ट्यूबमधला पांढरा सगळीकडे फासला की ऊन दाखवायला हातात काही उरत नाही. निरभ्र आकाशाखाली बर्फावरच्या सावल्या निळसर दिसतात. टिटॅनियम व्हाइटमध्ये (ट्यूबमधला पांढरा) अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि कणभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून त्या आधी लावा. कोरा पांढरा अगदी शेवटी, ऊन थेट पडतं तिथे, चार फटकारे.

आता माणूस.

- आधी नुसता गडद आकार. डोळे बारीक करून बघा, चालण्याचा झोक कळतोय का? नसेल, तर कोटाची बटणं रंगवून काही होणार नाही.
- ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा गडद जास्त जिवंत वाटतो.
- पाय बर्फावर ठेवू नका, बर्फात रुतवा. बुटाची खालची कड बर्फाच्या रंगाने थोडी झाका आणि सावली तिथूनच सुरू करा. माझी माणसं वर्षभर हवेत तरंगत होती ती एवढ्याचसाठी.

ओल्या पांढऱ्यात गडद रंगाचा ब्रश गेला की रंगांचा चिखल होतो. ब्रश सारखा पुसत राहा. सोळाव्या शतकातला चित्रकार पीटर ब्रूगेल याचं १५६५ मधलं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र जरूर बघा. पुढची माणसं पाठमोरी, जवळजवळ नुसत्या गडद आकृत्या, तरी दमलेली कळतात.

ग्लेझिंग (पातळ पारदर्शक थर देणं), नाइफ (पात्याने रंग लावणं) वगैरेबद्दल नंतर बोलू.